घर भाड्याचं, कुत्रा भाडेकरूचा

फ्लॅट भाड्याने देणाऱ्या वाचकांची या विषयावरची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. काही प्रश्न कायद्याचे आहेत, पण जास्त प्रश्न फरशी, भिंत आणि दारांचे आहेत. उत्तरंही त्याच प्रमाणात दिली आहेत.

कोथरूडमधला आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट एका जोडप्याला आवडला आहे. त्यांच्याकडे चार वर्षांचा लॅब्रॅडॉर आहे. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, भाडेकरूंना कुत्रा पाळायची परवानगी नाही. आणि फ्लॅट दिला तर महिन्याला वेगळा आकार भरावा लागेल. काय करावं?

सोसायटीला काय करता येतं आणि तुम्हाला काय करता येतं, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट आहे. सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव झाला तरी बंदी टिकत नाही. जात किंवा आकार बघून मनाई करणं, लिफ्ट बंद करणं, कुत्र्यासाठी खास शुल्क लावणं हेही त्यांत बसत नाही. फ्लॅट भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क घेते, त्यालाही मर्यादा आहे. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त आकारता येत नाही. 'कुत्र्याचे पाचशे' असं पावतीवर आलं, तर कोणत्या नियमाखाली घेतलं ते लेखी विचारा.

तुमची गोष्ट निराळी. घर तुमचं आहे, करार तुम्ही करणार आहात, आणि कुत्रा असलेल्या भाडेकरूला नाही म्हणायची मोकळीक तुम्हाला आहे. फक्त जातीचं नाव ऐकून नाही म्हणू नका. चार वर्षांचा, नसबंदी झालेला लॅब्रॅडॉर घराचं जेवढं नुकसान करतो, त्याच्या कितीतरी पट नुकसान चार महिन्यांचं गोंडस पिल्लू करतं. विचारायचं ते हे: वय किती, नसबंदी झाली आहे का, दिवसातून सलग किती तास एकटा राहतो, फिरायला कोण आणि किती वेळा नेतं, आधीचे घरमालक बोलायला तयार आहेत का. रेबीजच्या लसीचा दाखला आणि महापालिकेचा श्वान परवाना बघा. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांत परवाना वेगवेगळा काढावा लागतो. वाकडहून कोथरूडला येणाऱ्याला तो नव्याने काढायला सांगा.

शक्य असेल तर त्यांच्या सध्याच्या घरी दहा मिनिटं जाऊन या. अनोळखी माणसावर कुत्रा भुंकणारच, त्यावरून काही ठरवू नका. दारांचे खालचे दोन फूट, स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) आणि सोफ्याचे पाय बघा. तुमच्या घराचं वर्षभराने काय होणार आहे, ते तिथे आधीच लिहिलेलं असतं.

एजंट म्हणतो, करारात नेहमीचं 'पाळीव प्राणी चालणार नाहीत' हे कलम राहू द्या, तोंडी परवानगी द्या आणि जादा डिपॉझिट रोख घ्या. हे बरोबर आहे का?

अजिबात नाही. असं केलंत तर वाद झाल्यावर तुमच्याच हातात काही उरत नाही. कलम एक सांगतं आणि तुमचं वागणं दुसरं. जादा अनामत कागदावर नाही, म्हणजे तिच्यातून काय वळतं करायचं तेही कागदावर नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार लीव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. रोखीचा मोह खर्च वाचवण्यासाठी होत असेल तर हिशेब करून बघा. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर आणि परतीच्या अनामतीवरच्या १० टक्के वार्षिक व्याजावर मिळून ०.२५ टक्के लागतं. ११ महिन्यांच्या करारात अनामत २५,००० रुपयांनी वाढवली, तर व्याज धरलं जातं सुमारे २,२९२ रुपये आणि त्यावरचं शुल्क होतं सहा रुपयांच्या आत. एवढ्यासाठी रक्कम अंधारात ठेवण्यात काय अर्थ?

छापील कलम खोडा आणि त्या जागी कुत्र्याचं वर्णन लिहा: नाव, जात, वय, रंग, परवाना क्रमांक. परवानगी याच कुत्र्यापुरती आहे, दुसरा आणायचा तर लेखी संमती लागेल, हे वाक्य हवंच. ते नसलं की सोबतीला म्हणून पिल्लू येतं. पुढे रेबीजची लस दर वर्षी आणि दाखल्याची प्रत तुम्हाला. जिन्यात, लिफ्टमध्ये, आवारात पट्टा. बाल्कनी किंवा ड्राय बाल्कनी शौचासाठी वापरायची नाही. घर सोडताना साफसफाई आणि पेस्ट कंट्रोल भाडेकरूच्या खर्चाने. आणि २४ तास आधी कळवून तीन महिन्यांतून एकदा घर बघण्याचा तुमचा हक्क. पहिली फेरी मात्र सहाव्या आठवड्यातच करा. कुत्रा नव्या घरात बुजला असेल किंवा कोपरे ओले करत असेल, तर ते तेव्हाच दिसतं आणि तेव्हाच आवरता येतं.

किल्ली देण्याआधी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा. दारांची खालची बाजू, चौकटींचे पाय आणि स्कर्टिंग जवळून घ्या. तोच व्हिडिओ भाडेकरूला त्याच दिवशी पाठवा, म्हणजे तारीख आपोआप नोंदली जाते.

वारज्यातला फ्लॅट मे महिन्यात रिकामा झाला. भाडेकरूंकडे कुत्रा होता, पण घर ताब्यात घेताना वास नव्हता. फिनेलने तीनदा पुसून घेतलं. पाऊस सुरू झाल्यापासून हॉलमध्ये शिरलं की उग्र वास येतो. भाडेकरू तर गेले. आता काय?

घर तापलेलं आणि कोरडं असताना वास दबून राहतो. लघवी फरशीवरून पुसली जाते, पण सांध्यांतून खाली उतरलेली तशीच राहते. टाइलमध्ये काही शिरत नाही, टाइलांमधलं सिमेंट मात्र पाणी पितं. लघवीतले क्षार आणि सेंद्रिय अंश त्याच्या छिद्रांत सुकून बसतात. पावसाळ्यात हवा दमट झाली की हे क्षार ओलावा ओढून घेतात, जिवाणू पुन्हा कामाला लागतात आणि अमोनियाचा भपकारा सुटतो. फिनेल वासावर वास चढवतं, मूळ तसंच ठेवतं. म्हणून घर परत घेताना, मे महिना असला तरी, हॉलच्या कोपऱ्यांत ओलं फडकं पसरून खिडक्या बंद कराव्यात आणि अर्ध्या तासाने वास घ्यावा.

आधी दोन गोष्टी करू नका. ब्लीच ओतू नका. लघवीतल्या अमोनियाशी त्याचा संयोग होऊन क्लोरामाइनचा वायू तयार होतो आणि बंद खोलीत तो घसा नि छातीला झोंबतो. फरशी धुवायचं अ‍ॅसिडही नको. ते सांध्यातलं सिमेंट खातं, सांधा अधिक सच्छिद्र होतो आणि पुढची लघवी आणखी खोल जाते. फरशी संगमरवरी असेल तर तिची झिलईही कायमची जाते. ब्लीचवर अ‍ॅसिड ओतणं तर जिवावर बेतू शकतं, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

जागा शोधण्यासाठी ३६५ ते ३९५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च घ्या. रात्री सगळे दिवे घालवून जमिनीपासून दोन फुटांपर्यंतच्या भिंती, दारांच्या चौकटी, सोफ्याची जागा आणि बाल्कनीच्या दाराचा उंबरा बघा. जुने डाग पिवळट-हिरवट चमकतात. साबणाचे आणि डिंकाचे डागही चमकतात, म्हणून गुडघ्यावर बसून नाकाने खात्री करा आणि खडूने गोल करा. नर पाय वर करून मुततो, त्यामुळे त्याचे डाग भिंतीवर आणि चौकटीवर जास्त सापडतात. मादीचे जमिनीवर.

खुणा केलेल्या भागातले सांधे गवंड्याकडून दोन-तीन मिलिमीटर खरवडून घ्या. आधीचं फिनेल साध्या पाण्याने दोनदा धुवून काढा, कारण ते राहिलं तर पुढचं औषध मरतं. मग पाळीव प्राण्यांच्या लघवीसाठी मिळणारं एन्झाइमचं क्लिनर ओता. इथेच बहुतेकांची चूक होते. ते फवारतात आणि पुसून टाकतात. लघवी जितकी खोल गेली तितकंच क्लिनरही खोल जायला हवं, म्हणजे सांधे भरून ओलेचिंब झाले पाहिजेत. वर प्लास्टिक पसरून कडा चिकटपट्टीने बंद करा आणि रात्रभर राहू द्या. एन्झाइम ओलं असेपर्यंतच काम करतं. सुकलं की थांबतं. दुसऱ्या दिवशी पाण्याने पुसा, पंखा लावून पूर्ण सुकवा आणि पुन्हा वास घ्या. जुन्या डागाला ही फेरी दोन-तीन वेळा लागते. वास गेला की सांधे इपॉक्सी ग्राउटने भरा. साध्या सिमेंटपेक्षा महाग पडतं, पण त्यात पाणी शिरत नाही आणि पुढच्या भाडेकरूच्या वेळी हा सगळा उद्योग टळतो.

भिंतीचं काम थोडं निराळं. स्कर्टिंगच्या टाइलवर बोटाने वाजवा. पोकळ आवाज आला तर ती काढावी लागेल, मागे ओल साचलेली असते. रंग आणि पुट्टी एक-दीड फुटापर्यंत खरवडून गिलावा उघडा करा आणि तिथेही एन्झाइम वापरा. गिलावा भुसभुशीत झाला असेल तर तेवढी पट्टी तोडून नवीन करा. भिंत कोरडी झाल्यावर तेलाचा किंवा शेलॅकचा प्रायमर लावा. पाण्यातला प्रायमर वास अडवत नाही. पण हा प्रायमर ओल्या भिंतीवर लावला तर आतली वाफ त्याला फुगवते आणि पोपडे निघतात. म्हणून तुमच्या बाबतीत सल्ला असा: फरशीचं काम आत्ताच करा, भिंतीला एन्झाइम लावून उघडी ठेवा आणि रंगारी ऑक्टोबरमध्ये बोलवा.

गादी किंवा कापडी सोफा घराबरोबर दिला असेल आणि त्याला वास येत असेल, तर सोफ्याचा फोम बदला आणि गादी टाकून द्या. फोम धुवून वास जात नाही.

बाणेरचा फ्लॅट फर्निचरसह द्यायचा आहे. भाडेकरूंकडे पाच महिन्यांचा बीगल आहे. आधी काय करून ठेवू?

पाच महिन्यांचा, म्हणजे ऐन दात बदलण्याच्या वयातला. साधारण सातव्या महिन्यापर्यंत तो जे तोंडात येईल ते चावणार. कापडी सोफा, गालिचा आणि वेताच्या खुर्च्या काढून ठेवा आणि भाडं त्याप्रमाणे ठरवा. टीव्हीमागच्या लोंबत्या वायरी पट्टीत बसवा. घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. चावलेल्या वायरीने पिल्लू किंवा घरातलं मूल दगावू नये यासाठी ती आहे, ती टाळू नका. असेल तर तिचं टेस्टचं बटण दाबून बघा.

बेडरूमच्या आणि मुख्य दाराच्या आतल्या बाजूला तीन फुटांपर्यंत दोन मिलिमीटरचा पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा पत्रा स्क्रूने लावा. दुहेरी टेपवर भरवसा नको, उन्हाळ्यात टेप सुटते आणि सुटलेली कड कुत्रा आधी चावतो. डासांच्या जाळीच्या दारात फायबरची जाळी असेल तर ती एका आठवड्यात फाटेल. स्टीलची लावा किंवा खालच्या अर्ध्या भागात पॅनेल बसवा.

बाथरूममधल्या नहाणी ट्रॅपवर बारीक भोकांची स्टीलची जाळी हवी. कुत्र्याला अंघोळ घातली की केस साबणाच्या चिकटपणात गुंततात आणि ट्रॅपमध्ये गाठ होते. त्यावर कॉस्टिक ओतण्याआधी जाळी उचलून हाताने केस काढा, बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

बाल्कनीची कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी कुत्र्याला अडवत नाही, हे भाडेकरूलाही सांगा. गजांमधलं अंतर चार इंचांपेक्षा जास्त असेल तर खाली दोन-अडीच फुटांपर्यंत वेल्डेड जाळी तारेने आवळा. दिवाळीच्या फटाक्यांत आणि गणपतीच्या ढोल-ताशात भेदरलेला कुत्रा कुठूनही उडी मारतो.

वाकडच्या सोसायटीने मला नोटीस पाठवली आहे की भाडेकरूचा कुत्रा दिवसभर भुंकतो, त्यांना घर खाली करायला सांगा. भाडेकरू दोघंही हिंजवडीत नोकरीला आहेत.

भुंकतो एवढ्या कारणाने कुत्रा काढायला लावता येत नाही, हे जीवजंतु कल्याण मंडळाच्या सूचनांतही आहे. पण शेजाऱ्यांची तक्रार खोटी आहे असं समजू नका. दिवसभर चाललेलं भुंकणं ऐकणाऱ्याला खरंच असह्य होतं आणि कुत्र्यालाही ते सुखाचं नसतं. समितीला लेखी कळवा की तक्रार पोचली आहे, भाडेकरू अमुक उपाय करत आहेत आणि चार आठवड्यांनी आढावा घेऊ.

भाडेकरूंना तीन दिवस घरात जुना फोन रेकॉर्डिंगला लावायला सांगा. बाहेर पडल्यावर पहिल्या अर्ध्या तासात भुंकणं, रडणं, दार ओरबाडणं सुरू होत असेल तर त्याला एकटेपणा सोसत नाही. लिफ्टच्या, बेलच्या, खालच्या कुत्र्यांच्या आवाजाला भुंकत असेल तर तो राखण करतो आहे. दुपारी बारानंतर सुरू होत असेल तर कंटाळा किंवा लघवी तुंबलेली असते. दहा तास कुत्र्याला कोंडून ठेवणं हीच मूळ चूक आहे.

राखण करणाऱ्यासाठी खिडकीच्या खालच्या तीन फुटांना दुधाळ फिल्म लावा आणि त्याला बाल्कनीत न ठेवता आतल्या खोलीत ठेवा. कंटाळ्यासाठी सकाळी निदान अर्धा-पाऊण तास फिरवणं आणि दुपारी फिरवायला येणारा माणूस. एकटेपणाला वेळ लागतो. एक मिनिट बाहेर जाऊन परत येणं, मग तीन, मग दहा, असं आठवडेच्या आठवडे वाढवावं लागतं, आणि जास्त त्रास असेल तर पशुवैद्याकडे न्यावं. शॉक देणारा पट्टा वापरू देऊ नका, भीती वाढते आणि चावणं सुरू होतं. रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे शांततेची आहे. रात्रीची तक्रार असेल तर ती सर्वांत आधी सोडवा.

रिकाम्या फ्लॅटच्या भिंतीवर गोचिड्या चढताना दिसतात. कुत्रा जाऊन महिना झाला.

तपकिरी गोचीड घरात राहूनच सगळं जीवनचक्र पुरं करते. रक्त पिऊन टम्म झालेली मादी भिंतीवर चढते आणि फटीत, पडद्याच्या दांडीमागे, स्विचबोर्डाच्या कडेला हजारो अंडी घालते. उपाशी गोचीड महिनोन्महिने जगते, त्यामुळे घर बंद ठेवून ती मरत नाही. फवारणी फक्त जमिनीवर नको. भिंतींचे वरचे कोपरे, चौकटींच्या फटी आणि बाल्कनीही त्यात हवी. तीन आठवड्यांनी दुसरी फवारणी हवीच, कारण पहिलीतून अंडी वाचतात. मधल्या काळात फटी पुट्टीने बुजवा. दिसलेली गोचीड बोटाने चिरडू नका, चिमट्याने उचलून स्पिरिटच्या बाटलीत टाका.

भाडेकरूचा कुत्रा वॉचमनला चावला. जबाबदारी माझ्यावर येते का?

आधी जखम. नळाखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवा. हळद, तिखट, चुना काही लावू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. दंडात दिल्या जाणाऱ्या लसीचे दिवस ०, ३, ७, १४ आणि २८ असे असतात, आणि जखमेतून रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. कुत्र्याला लस टोचलेली आहे म्हणून उपचार थांबवू नका. कुत्र्यावर १० दिवस लक्ष ठेवा.

भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ मध्ये प्राण्याबाबतच्या निष्काळजीपणाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. हे कलम प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याला लागतं, म्हणजे भाडेकरूला. तुम्ही झाल्या प्रकाराची लेखी नोंद घ्या आणि यापुढे आवारात तोंडाला जाळी लावण्याबद्दल भाडेकरूशी बोला.

'प्राणी नकोत' असा करार असताना भाडेकरूंनी गुपचूप कुत्रा आणला. कुलूप बदलू का?

नाही. कुलूप बदलणं, वीज-पाणी तोडणं, कुत्र्याला बाहेर सोडून देणं, यातलं काहीही केलंत तर दोषी तुम्ही ठराल. कुत्र्याला ठार किंवा जायबंदी केलं तर न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं आणि त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. करारातल्या नोटिशीच्या कलमाप्रमाणे लेखी नोटीस द्या. मुदत संपूनही घर सोडलं नाही तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. मात्र नोटिशीआधी एकदा घर बघून या. नुकसान नसेल आणि माणसं बाकी व्यवहाराला चोख असतील, तर पुरवणी करार करून अनामत वाढवणं तुम्हालाच सोयीचं पडेल.

तीन वर्षांनी भाडेकरू घर सोडत आहेत. कुत्र्याने दारं ओरबाडली आहेत आणि हॉलच्या भिंती डागाळल्या आहेत. डिपॉझिटमधून किती कापावं?

झालेल्या नुकसानाइतकंच, आणि तेही झीज वजा करून. आतला रंग पाच वर्षं टिकतो असं धरा. हॉल रंगवायला २५,००० रुपये लागणार असतील, तर तीन वर्षांचं आयुष्य तसंही सरलं होतं. उरलेल्या दोन-पंचमांश भागाचे १०,००० रुपये भाडेकरूचे. एकाच भिंतीवर डाग असतील तर हिशेब त्या भिंतीपुरता. दारांवरचे उथळ ओरखडे १२० नंबरच्या आणि मग २२० नंबरच्या पॉलिशपेपरने घासून, लाकडाची पुट्टी भरून आणि पॉलिशचा हात देऊन जातात. त्याची सुताराची मजुरी लावा, नव्या दाराची किंमत लावू नका. लॅमिनेट फाटून आतला प्लाय उघडा पडला असेल, तरच तेवढा तक्ता बदलण्याचा खर्च.

प्रत्येक रकमेला पावती किंवा लेखी दरपत्रक जोडा, आधीच्या व्हिडिओतला तोच कोपरा शेजारी दाखवा आणि उरलेली रक्कम घर ताब्यात घेतल्याच्या दिवशीच परत करा. वासाची शंका असेल तर थोडी रक्कम १५ दिवसांसाठी राखून ठेवू शकता, पण ती किती आणि कोणत्या तारखेला परत देणार हे दोघांच्या सहीने लिहून ठेवा.